वाहन-सल्ला : एअरबॅगचा दिवा विझत नाही तेव्हा

दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या एअरबॅगविषयी खान्देशातील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चोपड्याच्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यात वर्णन केलेला बिघड जुन्या गाड्यांत फार आढळतो आणि त्यावर चुकीचा उपायही तितकाच सर्रास केला जातो.

प्रश्न (एक वाचक, चोपडा) : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची डिझेल हॅचबॅक आहे. गाडी नवी घेतल्यापासून माझ्याकडेच आहे आणि तिला एकही अपघात झालेला नाही. पावसाळ्यापूर्वी स्टिअरिंगच्या रॅकचे (स्टिअरिंगचे वळण पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाचे) काम करून घेतले. त्यानंतर काही दिवसांनी डॅशबोर्डवरील एअरबॅगचा लाल दिवा अधूनमधून लागू लागला. आता तो चावी फिरवल्यापासून गाडी बंद करेपर्यंत लागलेलाच असतो. वळण घेताना कधीकधी हॉर्नही वाजत नाही. ज्यांनी रॅकचे काम केले त्या मिस्तरींनी स्कॅनर लावून कोड काढून टाकला, पण दोनच दिवसांत दिवा पुन्हा लागला. एक वायरमन म्हणतात, ‘भाऊ, मीटर खोलून तो दिवाच काढून टाकू, म्हणजे कटकट मिटेल.’ तिसऱ्या गॅरेजवाल्यांच्या मते एअरबॅगच बदलावी लागेल. मुलीच्या शिक्षणानिमित्त दर आठवड्याला शिरपूरमार्गे धुळ्याला जाणे-येणे असते. गाडी चालवावी का, आणि नेमके काय बदलावे?

उत्तर : आपल्या पत्रातील दोन गोष्टींनी निदानाचे अर्धे काम केले आहे. एक म्हणजे बिघडाआधी झालेले रॅकचे काम, आणि दुसरी म्हणजे वळणावर गप्प होणारा हॉर्न. त्याकडे वळण्यापूर्वी हा दिवा काय सांगतो ते पाहू.

चावी ‘ऑन’ केली की एअरबॅगचा दिवा साधारण पाच ते सात सेकंद लागतो आणि मग विझतो. तेवढ्या वेळात एअरबॅगचे कंट्रोल युनिट आपल्या अखत्यारीतील सगळी सर्किटे तपासून घेते. चालकाची एअरबॅग, शेजारच्या सीटची एअरबॅग, सीटबेल्ट क्षणात आवळणारे प्रीटेन्शनर आणि धक्का ओळखणारे सेन्सर ही सगळी सर्किटे त्यात येतात. हे युनिट बहुतेक गाड्यांत गिअर आणि हँडब्रेक यांच्या मधल्या कन्सोलखाली बसवलेले असते. सर्व काही ठीक असेल तर दिवा विझतो, कुठेही खोट आढळली तर तो लागलेलाच राहतो आणि खोटीची नोंद कोडच्या रूपात युनिटच्या स्मृतीत होते. कित्येक गाड्यांत अशा वेळी युनिट ते सर्किट किंवा संपूर्ण यंत्रणाच बंद ठेवते. म्हणजे आज आपल्या गाडीला समोरून जोरदार धडक बसली, तर एअरबॅग उघडेल याचा भरवसा देता येत नाही. दिवा लागला म्हणून एअरबॅग चालत्या गाडीत आपोआप फुटेल, ही भीती मात्र बाळगू नका. ती अकारण उघडण्याचा धोका खरा उद्भवतो तो अनभिज्ञ हात तिच्या वायरिंगमध्ये शिरतात तेव्हा.

गाडी चालवावी का, या प्रश्नाचे उत्तर असे की इंजिन, ब्रेक किंवा स्टिअरिंग यांच्यावर या बिघडाचा परिणाम होत नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत गाडी चालवत नेण्यास हरकत नाही. पण शिरपूर ते धुळे हा मुंबई-आग्रा महामार्गाचा पट्टा आहे आणि तेथे कंटेनर व ट्रकांची रहदारी अखंड असते. दुरुस्ती होईपर्यंत हा प्रवास शक्यतो एसटीने करावा, असे मी आग्रहाने सांगेन. निघावेच लागले तर पुढच्या-मागच्या सर्वांनी सीटबेल्ट लावावा. एअरबॅग ही सीटबेल्टला पूरक म्हणून तयार झालेली वस्तू आहे आणि धडकेत शरीर जागेवर धरून ठेवण्याचे मुख्य काम पट्टाच करतो. दिवा लागलेला असताना प्रीटेन्शनर काम करील की नाही हेही सांगता येत नाही, म्हणून पट्टा अंगाशी नीट बसलेला असू द्या.

आता मूळ बिघडाकडे येऊ. स्टिअरिंगचे चाक फिरते आणि गाडीचे वायरिंग स्थिर असते. या दोहोंमध्ये विजेची अखंड जोडणी ठेवण्यासाठी चाकाच्या मागे, कॉलमवर, एक चपटी गोल प्लास्टिकची डबी बसवलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. डबी उघडून पाहिली तर आत प्लास्टिकच्या पातळ फितीत बसवलेल्या तांब्याच्या बारीक पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात. चाक एका दिशेला फिरवले की ही फीत आवळत जाते, दुसऱ्या दिशेला फिरवले की सैल होते. चालकाच्या एअरबॅगची जोडणी याच फितीतून जाते आणि बहुतेक गाड्यांत हॉर्नची व स्टिअरिंगवरील बटणांचीही. एअरबॅगचा दिवा आणि हॉर्न यांनी एकाच सुमारास दगा दिला, की जाणता फिटर प्रथम इथेच पाहतो.

रॅकच्या कामाचा संबंध असा. ही फीत मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना ठरावीक फेरेच फिरू शकते. रॅक काढताना स्टिअरिंगचा दांडा रॅकपासून सोडवावा लागतो. त्या वेळी चाक पट्ट्याने किंवा दोरीने बांधून ठेवले नाही तर ते मोकळे फिरते आणि फितीचा मध्य चुकतो. रॅक परत बसवल्यावर गाडी वरवर सरळ चालते, पण कधीतरी पार्किंगमध्ये चाक एका बाजूला पूर्ण वळवले की फीत आपल्या मर्यादेपलीकडे ओढली जाते. मग ती दुमडते, चिरते आणि काही दिवस अर्धवट जोडलेली राहते. अधूनमधून लागणारा आणि पुढे कायमचा झालेला आपला दिवा या क्रमाशी तंतोतंत जुळतो. कोड काढल्यावर दिवा दोन दिवस विझलेला राहिला, कारण त्या अवधीत फितीचे तुटलेले टोक कसेबसे टेकलेले होते.

तरीही एवढ्या संशयावर नवी क्लॉक स्प्रिंग विकत आणू नका. आधी कोड वाचून घ्यावा लागेल. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, एअरबॅगच्या युनिटपर्यंत ते पोहोचतच नाहीत. एअरबॅग यंत्रणा वाचू शकणारा स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जा आणि कोड काढून टाकण्यापूर्वी पडद्याचा फोटो घ्यायला सांगा. हे कोड सामान्यतः ‘बी’ या अक्षराने सुरू होतात आणि सोबत खोट सध्या चालू आहे की पूर्वीची नोंद आहे हेही दिसते. पहिल्या मिस्तरींनी कोड लिहून न ठेवता काढला असेल तर हाताशी आलेला पुरावा तेवढ्यापुरता गेला. बिघड कायम असल्यामुळे तो पुन्हा मिळेल, ही त्यातली बरी बाजू.

कोड सर्किटाकडे बोट दाखवतो, एखाद्या सुट्या भागाकडे नाही, आणि ही बाब अनेक गॅरेजांत लक्षात घेतली जात नाही. ‘चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटाचा रेझिस्टन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) जास्त’ असा कोड आला तर खोट युनिटपासून निघणाऱ्या वायरमध्ये, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमध्ये, क्लॉक स्प्रिंगमध्ये, एअरबॅगमागच्या कनेक्टरमध्ये किंवा एअरबॅगच्या पेटीत, यांपैकी कुठेही असू शकते. एअरबॅग पेटवणाऱ्या इग्नायटरचा रेझिस्टन्स जेमतेम दोन ते तीन ओहम असतो. त्यामुळे पिनेवर चढलेला किंचित गंज किंवा पूर्ण न बसलेला कनेक्टर एवढ्यानेही युनिटच्या हिशेबात मोठा फरक पडतो.

म्हणून सर्वांत स्वस्त शक्यता आधी तपासावी. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे असतात. त्यांवर एक लहानशी कुलूपपट्टी असते. ती आधी उचलावी लागते, मगच कनेक्टर निघतो, आणि बसवताना कनेक्टर पूर्ण आत गेल्यावर ती ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावी लागते. कनेक्टरच्या आत पितळी जिभेसारखी एक पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने एअरबॅग पेटू नये. ही जीभ वाकली किंवा कुलूपपट्टी अर्धवट राहिली तरी दिवा लागतो. रॅकच्या कामात स्टिअरिंग काढले गेले असेल तर कनेक्टर नीट बसला नसण्याची शक्यता आधी निकालात काढलेली बरी, कारण त्यात एक रुपयाचाही भाग लागत नाही.

हे काम घरी करण्यासारखे नाही. मात्र ते योग्य रीतीने होते आहे की नाही हे मालकाला समजावे, म्हणून क्रम सांगतो. चाके सरळ ठेवून चावी काढावी, बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला बांधून ठेवावा आणि मग थांबावे. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग पेटवता यावी यासाठी युनिटमधील कपॅसिटर काही काळ वीज साठवून ठेवतो, आणि ती वीज उतरेपर्यंत वायरिंगला हात लावायचा नसतो. ही वेळ गाडीनुसार बदलते. कुठे मिनिट-दीड मिनिट, कुठे तीन मिनिटे, तर काही गाड्यांना दहा मिनिटांपर्यंत थांबावे असे कंपनी सांगते. आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील वेळ ठाऊक नसेल तर दहा मिनिटे थांबणे शहाणपणाचे. काढलेली एअरबॅग हातात धरताना तिचे वरचे कव्हर अंगापासून दूर असावे. टेबलावर ठेवताना कव्हर वरच्या बाजूला असावे आणि त्यावर काहीही ठेवू नये. ती पालथी ठेवलेली असताना पेटली तर संपूर्ण पेटी उसळून छताला जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एअरबॅगच्या पिनांना मल्टीमीटर कधीही लावू नये. मीटरमधून जाणारा अल्पसा प्रवाहही इग्नायटर पेटवण्यास पुरेसा ठरू शकतो.

मग तपासणी कशी करावी? एअरबॅगच्या जागी तेवढ्याच रेझिस्टन्सचे तपासणी-उपकरण तात्पुरते जोडून, बॅटरी परत लावून, स्कॅनरवर काय दिसते ते पाहतात. कोड गेला तर खोट एअरबॅगमध्ये आहे. कोड तसाच राहिला तर तेच उपकरण क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर जोडून पाहतात. तेथे कोड गेला की दोष क्लॉक स्प्रिंगचा हे निश्चित होते. दर वेळी बॅटरी सोडवणे आणि थांबणे हा क्रम पाळावाच लागतो. या सगळ्याला तासभर लागतो आणि नेमक्या याच तासाची टाळाटाळ करून ‘एअरबॅग बदला’ असे सांगितले जाते. तिसऱ्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे मला पटत नाही ते याचसाठी. अपघात न झालेल्या गाडीत एअरबॅगची पेटी स्वतः बिघडल्याची उदाहरणे कमी असतात आणि संपूर्ण यंत्रणेत तीच महागाची वस्तू असते.

क्लॉक स्प्रिंग बदलावी लागली तर ती नवी आणि आपल्या गाडीच्या क्रमांकाशी जुळणारी घ्यावी. भंगारातील भागाची फीत किती वापरलेली आहे हे बाहेरून कळत नाही. नव्या भागावर मध्य धरून ठेवणारी पिन किंवा चिकटपट्टी असते, ती भाग बसेपर्यंत काढू नये. डबी बसवल्यावर चाक दोन्ही बाजूंना सावकाश शेवटपर्यंत वळवून पाहावे आणि फीत कुठेही अडत नाही याची खात्री करावी. पहिल्यांदा चावी ‘ऑन’ करताना चालकाच्या सीटवर कोणी बसलेले नसावे. त्यानंतर हॉर्न आणि बटणे तपासावीत, कोड काढून टाकावा आणि दिवा ठरलेल्या सेकंदांत विझतो का ते पाहावे. ज्यांच्या गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे अशा वाचकांनी स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने पुन्हा जुळवून घ्यावा. काही गाड्यांत तो याच डबीत असतो.

राहिला वायरमनचा सल्ला. दिवा काढल्याने खोट जागच्या जागी राहते आणि पुढे प्रीटेन्शनर किंवा शेजारच्या एअरबॅगमध्ये दुसरी खोट निर्माण झाली तर तीही कोणाला कळणार नाही. आपण कधी गाडी विकाल तेव्हा घेणारा माणूस विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवून आपली मुलेबाळे तिच्यात बसवेल. हा सल्ला कृपया मानू नका.

ज्यांचा हॉर्न व्यवस्थित आहे पण दिवा लागतो, अशांनी इतर जागा पाहाव्यात. पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर असतात. सीट पुढे-मागे सरकवताना, तिच्याखाली पाण्याची बाटली अडकल्याने किंवा दिवाळीआधी गाडी आतून धुतल्याने ते सैल होतात, भिजतात. बॅटरी अगदी कमकुवत झाली तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली येते आणि काही गाड्यांत तेवढ्यानेही कोड नोंदला जातो. बॅटरी बदलून कोड काढला की दिवा जातो आणि परत येत नाही. पावसाळ्यात पायांखालचा गालिचा आठवडाभर ओला राहिला तर कन्सोलखालच्या युनिटच्या पिनांना गंज चढतो, आणि तो मात्र खर्चाचा मामला असतो. दिवा नेमका कधी लागतो, म्हणजे वळताना, सीट सरकवल्यावर, सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना की पावसानंतर, याची चार ओळींची नोंद गॅरेजमध्ये नेलीत तर फिटरचे निम्मे कष्ट वाचतील.

प्रश्न (एक वाचक, धुळे) : मी अलीकडे २०१४ सालची जुनी सेडान एका विक्रेत्याकडून घेतली. स्टिअरिंगवर एअरबॅगची अक्षरे आहेत. एअरबॅगचा दिवा कधीच लागत नाही, चावी फिरवल्यावरही नाही. विक्रेते म्हणतात, दिवा लागत नाही म्हणजे यंत्रणा उत्तम आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, आणि मला या उत्तराची काळजी वाटते. चावी ‘ऑन’ केल्यावर दिवा काही सेकंद लागलाच पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर मीटरमधील दिवा निकामी झाला आहे, किंवा कोणीतरी तो काढला अथवा झाकला आहे. तो दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या वायरीला जोडून त्याच्याबरोबरच लागेल-विझेल अशी व्यवस्था केल्याचेही प्रकार आढळतात. म्हणून जुनी गाडी घेताना हा दिवा बाकीच्यांपासून स्वतंत्रपणे, आपल्या ठरलेल्या वेळी विझतो का, हे डोळ्यांनी पाहावे.

एअरबॅग एकदा उघडली की ती परत घडी घालून वापरता येत नाही. नवी एअरबॅग, आवळले गेलेले सीटबेल्ट, धक्का ओळखणारे सेन्सर आणि धडकेची नोंद झालेले युनिट हे सगळे बदलण्याचा खर्च मोठा असतो. तो वाचवण्यासाठी काही ठिकाणी रिकाम्या जागी नुसते कव्हर बसवतात आणि दोन ओहमच्या आसपासचा रेझिस्टर जोडून युनिटची फसवणूक करतात. अशा गाडीत दिवा अगदी नियमाप्रमाणे लागून विझतो आणि स्कॅनरलाही खोट दिसत नाही. एअरबॅगची पेटी काढून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हे उघड होत नाही.

आपण अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तीन गोष्टी करून घ्या. स्कॅनरने युनिटमधील कोड व धडकेची नोंद वाचून घ्या, चालकाची एअरबॅग काढून तिच्यावरील क्रमांक पाहून घ्या, आणि गाडीच्या चॅसिस क्रमांकावर पूर्वीच्या दुरुस्तीची नोंद मागा. तोवर स्वतः हे पाहता येईल : स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरचा रंग आणि पोत चाकाशी जुळतो का, शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर डिंकाच्या किंवा पॉलिशच्या खुणा आहेत का, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्याच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवरील वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळते का. एकच पट्टा २०१७ सालचा आणि बाकीचे २०१४ सालचे निघाले तर तो पट्टा का बदलला, याचे उत्तर विक्रेत्याने द्यायला हवे.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. आपल्याकडे चालकाची एअरबॅग सर्व नव्या मोटारींत बंधनकारक झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधी कित्येक गाड्यांच्या खालच्या श्रेणीत ती नसेच, आणि हौस म्हणून वरच्या श्रेणीचे चाक आणून बसवणारे लोकही होते. अशा चाकावर अक्षरे असतात, पण मागे यंत्रणाच नसते. चॅसिस क्रमांकावरून गाडी मुळात कोणत्या श्रेणीची आहे ते सर्व्हिस सेंटरमध्ये कळेल. फसवणूक झाल्याचे निष्पन्न झाले तर तपासणीचा लेखी अहवाल घ्या. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे तोच आपला मुख्य आधार असेल.

प्रश्न (एक वाचक, रावेर) : गाडी केळीच्या बागेतील शेडमध्ये उभी असते. उंदरांनी चालकाच्या सीटखालची पिवळी वायर कुरतडली. वायरमनने जोड देऊन टेप गुंडाळली, तरी एअरबॅगचा दिवा जात नाही.

उत्तर : इतर वायरींना चालणारा पीळ-आणि-टेपचा जोड इथे चालत नाही. वर सांगितल्याप्रमाणे या सर्किटांचा सगळा हिशेब दोन-तीन ओहमांचा असतो, आणि सीटखालची वायर तर सीटबरोबर सतत हलत असते. काही कंपन्या या वायरची दुरुस्ती मुळीच करू देत नाहीत, त्यांच्याकडे वायरिंगचा तेवढा तुकडा कनेक्टरसह बदलून मिळतो. काही कंपन्या ठरावीक दाबजोड आणि वर ओलावा रोखणारी नळी वापरण्यास परवानगी देतात. आपल्या गाडीला यांपैकी काय लागू आहे ते सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून त्याप्रमाणेच काम करा, आणि दिलेला जोड कापून टाकायला सांगा. बॅटरी सोडवून थांबण्याचा नियम येथेही पाळायचा आहे, कारण सीटखालील वायर बाजूच्या एअरबॅगची किंवा प्रीटेन्शनरची असू शकते. गाडीत केळी, शेंगदाणे, बियाण्यांची पोती ठेवणे बंद करा. गाडी रोज न वापरता आठवडा-आठवडा उभी राहत असेल तर सीटखाली आणि बॉनेटमध्ये टॉर्च लावून बघण्याची सवय ठेवा.

प्रश्न (एक वाचक, भुसावळ) : आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गाडी दिवसभर उघड्यावर असते. उन्हाने एअरबॅग फुटू शकते का? गाडी २०१० सालची आहे, दिवा वेळेवर विझतो. एअरबॅगला मुदत असते का?

उत्तर : उन्हात बंद गाडीच्या आतील तापमान बाहेरपेक्षा बरेच चढते, डॅशबोर्डला हात लावता येत नाही, हे खरे. पण एअरबॅगमधील मिश्रण त्या तापमानाला पेटत नाही. गाडीला आग लागली तर ते नियंत्रितपणे पेटावे अशी व्यवस्था असते, आणि त्यासाठी दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्यापुढचे तापमान लागते. उन्हाने जे होते ते वेगळे आहे : कनेक्टरचे प्लास्टिक ठिसूळ होते आणि काढताना त्याची कुलूपपट्टी मोडते. आपल्या भागात तिशी-पस्तिशीच्या तापमानाची सवय असलेल्या पुस्तकी सूचनांपेक्षा थोडे अधिक हळुवारपणे हे कनेक्टर हाताळावे लागतात.

मुदतीविषयी सांगायचे तर काही जुन्या गाड्यांत दरवाज्याच्या चौकटीवर किंवा सनव्हायझरवर ‘१० वर्षांनी तपासावे’ किंवा ‘१५ वर्षांनी बदलावे’ अशा अर्थाची पट्टी असे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत अशी मुदत दिलेली नसते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहा.

मात्र एक धोका असा आहे की जो दिवा दाखवू शकत नाही, आणि आपल्या गाडीचे वर्ष पाहता तो सांगणे मला आवश्यक वाटते. टाकाटा या जपानी कंपनीने बनवलेल्या अनेक इन्फ्लेटरांत (एअरबॅग फुगवणाऱ्या धातूच्या डब्यांत) अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्णता आणि दमटपणा यांचे चढउतार वर्षानुवर्षे सोसल्यावर त्या मिश्रणाच्या गोळ्यांची रचना बिघडते. मग एअरबॅग उघडताना ते वाजवीपेक्षा फार वेगाने जळते आणि धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. यात जगभर माणसे दगावली आणि अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या; यालाच रिकॉल म्हणतात. भारतातही अशा गाड्यांचे इन्फ्लेटर बदलून देण्यात आले. यात विजेचे सर्किट पूर्णपणे ठीक असते, त्यामुळे दिवा शिस्तीत विझतो आणि स्कॅनरही काही दाखवत नाही.

आपल्या आरसी बुकावर चॅसिस क्रमांक असतो. २०१० सालच्या गाडीचा तो १७ अक्षर-अंकांचा असेल. तो घेऊन आपल्या गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ‘या गाडीवर एअरबॅगचा रिकॉल प्रलंबित आहे का’ एवढेच विचारा. असल्यास बदली विनामूल्य होते, गाडी कितीही जुनी असो आणि तिचे कितीही मालक बदललेले असोत. कंपनीचे पत्र नोंदीतील जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते, म्हणून ज्यांनी गाडी दुसऱ्या हाताने घेतली आहे त्यांनी पत्राची वाट न पाहता ही चौकशी स्वतःहून करावी, आणि बदली झाल्यावर तिचा लेखी दाखला गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा.